डायलिसिसवर आहे, मनातलं ऑनलाइन मैत्रिणींनाच सांगते आणि घरच्यांना ते खटकतंय, काय करू?

सांजवेळ

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी ३८ वर्षांची, इचलकरंजीजवळ राहते, एका सायझिंगच्या ऑफिसात हिशेब बघते पण आता अर्धाच वेळ जाते. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, बीपीमुळे. मंगळवार गुरुवार शनिवार डायलिसिस असतं, चार तास मशीनवर आणि जाणं येणं धरून अख्खा दिवसच जातो. मिस्टरांचा ब्लड ग्रुप बी आणि माझा ए, त्यामुळे त्यांची किडनी सरळ मला चालत नाही. आईला शुगर आहे म्हणून तिला डॉक्टरांनी आधीच नाही सांगितलं. स्वॅपसाठी, म्हणजे आमच्यासारख्याच दुसऱ्या जोडीबरोबर दात्यांची अदलाबदल करण्यासाठी, नाव द्यायचं चाललंय.

सुरुवातीला मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, होता तेव्हा अंघोळ कशी करायची, झोपायचं कुठल्या कुशीवर, असले प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाज वाटायची, म्हणून टेलिग्रामवर किडनी पेशंटच्या एका ग्रुपमधे शिरले. तिथे दोघी भेटल्या, एक लातूरची आणि एक मडगावची. तिघींचे वार तेच आणि शिफ्टही सकाळचीच. मग आमचं वेगळं सुरू झालं व्हॉट्सॲपवर. सुया टोचून मशीन चालू झालं की "बसले" असा मेसेज टाकायचा. मग विचारायचं आज किती काढायचंय, म्हणजे अंगात साठलेलं पाणी. कुणी तीन किलो म्हणाली की बाकीच्या दोघी तिच्यावर ओरडणार, काल काय चरलीस, लोणचं का पापड. पायात गोळे आले की लातूरची व्हॉइस नोट पाठवते, तिच्या शेजारच्या बेडवरचे आजोबा टेक्निशियनशी कसे भांडतात ते त्यांच्याच आवाजात ऐकवते, आणि मी इथे गोळा विसरून हसत असते.

पण नुसतं हसणं नाही. मुलगी नववीत आहे. तिची दहावी, बारावी, लग्न यातलं काय काय मला बघायला मिळेल हा विचार मशीनवर असताना येतोच येतो, आणि हे मी घरी बोलू शकत नाही. मिस्टरांना म्हटलं की ते लगेच "असं काही बोलू नकोस" म्हणून उठून जातात, आईला म्हटलं तर ती रडते, मग तिलाच समजवायला मी. या दोघींना मी सरळ लिहिते की आज मला मरायची भीती वाटतेय, आणि त्या म्हणतात मला पण काल वाटत होती. बस, एवढंच.

आता अडचण अशी झालीये. माझा धाकटा भाऊ आहे, त्याचा ब्लड ग्रुप माझाच. घरात सगळ्यांना माहितीये आणि कुणीच काही बोलत नाही. तोही नाही, वहिनी तर नाहीच, त्यांचं बाळ दीड वर्षाचं आहे. मी त्याला विचारणार नाही असं ठरवलंय पण मनात येतं हो, नाही कसं म्हणू. हे मी त्या दोघींना लिहिलं होतं, आणि मिस्टरांनी काहीतरी बघायला फोन घेतला तेव्हा ते वाचलं. ते चिडले नाहीत, दोन दिवस गप्प होते, मग एवढंच म्हणाले की मला का नाही सांगितलंस. सासूबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या घरातली माणसं मेली का, परक्यांपुढे आपलं उघडं करतेस ते.

आणि दुसरं म्हणजे लातूरची मैत्रीण गेले काही दिवस गायब आहे. मेसेजवर एकच टिक येते. तिचं आडनाव माहितीये, सेंटर माहितीये, घरचा नंबर नाही. मला रात्री झोप येत नाहीये त्या विचाराने.

तर विचारायचं असं की, ज्यांना कधी प्रत्यक्ष भेटले नाही त्यांच्यावर मनाने इतकं अवलंबून राहणं बरोबर आहे का? मिस्टरांना कसं सांगू की हे त्यांना डावलून नाहीये? आणि लातूरच्या मैत्रिणीचा पत्ता कसा काढू?

---

सोलापुरी टेक्निशियन

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, त्यामुळे आधी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो कारण ते आजच करता येईल.

एक टिक म्हणजे तिचा फोन बंद आहे किंवा नेट नाही, त्याच्यापुढचं काही त्यातून कळत नाही. आयसीयूत ठेवलं तर फोन आत नेऊ देत नाहीत, चार्जर घरी राहतो, नातेवाइकांच्या ते डोक्यातही नसतं. असे पेशंट आमच्याकडे पंधरा पंधरा दिवसांनी परत येतात आणि आधी चार्जिंगचा पॉइंट विचारतात. तिचं सेंटर माहितीये ना, तिथे फोन करा, पण "ती कशी आहे" असं विचारू नका. ते आम्हाला सांगता येत नाही, कुणी फोन केलाय ते आम्हाला माहीत नसतं. असं सांगा की मी तिची मैत्रीण, माझं नाव आणि नंबर तिच्या घरच्यांपर्यंत पोचवाल का. हा निरोप कुठलाही स्टाफ घेतो, नाही म्हणायचं कारणच नाही. फोन दुपारी शिफ्ट बदलताना करू नका, तेव्हा सुया काढायची आणि नवीन लावायची गडबड असते, कुणी नीट ऐकणार नाही.

आता ऑनलाइन मैत्रिणींबद्दल. आमच्या बाजूने सांगतो की ज्याला कुणीतरी बोलायला असतं तो पेशंट चार तास पूर्ण बसतो. एकटा असलेला माणूस साडेतीन तासांनी "बंद करा आता, बास झालं" म्हणून मागे लागतो, आणि आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास कमी केला की पाणीही राहतं आणि घाणही राहते अंगात. त्यामुळे तुमचं ते "बसले, किती काढायचंय" मला फार आवडलं, पाण्याचा हिशेब आम्ही शंभर वेळा सांगतो तो मैत्रीण ओरडली की लगेच पटतो.

दोनच गोष्टी सांभाळा. फिस्टुलाच्या, म्हणजे सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताने फोन धरू नका, टाइपही करू नका, सुई सरकली की हात टम्म सुजतो आणि काळानिळा पडतो. आणि जांभया यायला लागल्या, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी पडत असतं, तेव्हा आधी आम्हाला हाक मारायची आणि मैत्रिणींना नंतर सांगायचं. मी असा पेशंट पाहिलाय की त्याला चक्कर येत होती आणि तो ते ग्रुपवर लिहीत होता, समोर मी उभा!

---

निनाद ठाणे

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण तुमच्या मिस्टरांनी जे विचारलं तेच मी विचारलं होतं. बायकोला ब्रेस्ट कॅन्सर होता, परळला ट्रीटमेंट झाली, आता ती बरी आहे. केमोच्या काळात तिचा एक ग्रुप होता, सगळ्या वेगवेगळ्या गावच्या बायका, एकमेकींना कधी न भेटलेल्या. रात्री दोन वाजता उलटीनंतर ती बाथरूमच्या बाहेर जमिनीवरच बसून त्यांच्याशी बोलायची, कारण त्यातली एक तरी त्याच औषधाने जागी असायची.

नवऱ्याला काय होतं सांगू का. दिवसभर तो पळत असतो, मेडिक्लेमची कागदपत्रं, रक्ताची सोय, डबा, मुलं, ऑफिसात सुट्टीसाठी तोंड वेंगाडणं, आणि त्याची समजूत असते की सगळ्यात जवळचा मी आहे. मग कळतं की तिने सगळ्यात मोठी गोष्ट दुसरीकडेच सांगितली. तेव्हा तो चिडत नाही, त्याला असं वाटतं की इतकं करून आपण कमीच पडलो. तुमचे मिस्टर दोन दिवस गप्प होते ना, ते हेच असणार.

तर त्यांना समजावू वगैरे नका. भावाची गोष्ट आता त्यांनी वाचलीच आहे, तर ती स्वतःच्या तोंडाने पुन्हा एकदा सांगा आणि आधीच म्हणा की तुम्ही यावर काही उपाय सांगू नका, उठून जाऊ नका, फक्त बसा. पुरुषांना असं सरळ सांगावं लागतं, कारण दुखणं ऐकलं की आम्ही लगेच कामाला लागतो, कुणाला तरी फोन लावतो. माझ्या बायकोने मला असंच सांगितलं होतं, तेव्हा बसता आलं मला.

आणि एकदा त्या मडगावच्या ताईंशी त्यांचं स्पीकरवर बोलणं करून द्या. दहा मिनिटं. आवाज ऐकला, ती पण कुणाची तरी आई आहे, तिचाही नवरा असाच फाइल घेऊन पळतोय हे कळलं की त्यांच्या मनातली परकी बाई राहत नाही. सासूबाईंचं मात्र सोडून द्या सध्या. त्यांचंही भीतीपोटीच चाललंय.

---

कुलकर्णी आबा

माझं ट्रान्सप्लांट २००९ साली झालं, पत्नीची किडनी आहे, शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसच्या गोळ्या सकाळ संध्याकाळ घड्याळ लावून घेतो. वय ६६. मुली, तुझं वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली, म्हणून जरा कडक लिहितो.

मैत्रिणींशी मनातलं बोल, जरूर बोल. पण अशा ग्रुपात जी बाकीची माणसं असतात त्यांच्यापासून सांभाळ. मी अशा बऱ्याच ग्रुपांत आहे. पहिला प्रकार दलालांचा. तू कुठे लिहिलंस की दाता मिळत नाही, की चार दिवसांत कुणीतरी खासगी मेसेज करतो, आमच्याकडे डोनर आहे, सगळी कागदपत्रं आम्ही करतो, आधी अमुक रक्कम टाका. अवयवाची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि दंड २० लाखांपासून एक कोटीपर्यंत. पैसे घेऊन पळून गेला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार. असा मेसेज आला की उत्तर न देता ब्लॉक करायचा आणि ॲडमिनला कळवायचं.

दुसरा प्रकार खोट्या पेशंटचा. काहींना पैसे हवे असतात, पण काही निव्वळ सहानुभूतीसाठी आजारी असल्याचं नाटक करतात, आयसीयूतले फोटो टाकतात, मधेच स्वतःच्याच मरणाची बातमी दुसऱ्या नावाने देतात. मार्क फेल्डमन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने २००० साली या प्रकाराला मुंचहाउसेन बाय इंटरनेट असं नाव दिलं. तुझ्या मैत्रिणी तशा आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांचे वार, वजनं, आवाज सगळं तुला माहीत आहे. पण ग्रुपात कुणाला मदत पाठवायची झाली तर माणसाच्या खात्यात न पाठवता हॉस्पिटलच्या खात्यात पेशंटच्या नोंदणी नंबरावर पाठव.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण ती चांगली माणसं असतात. अमुक काढा घ्या, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) खाली येतं. मिठाऐवजी लो सोडियम मीठ वापरा. अहो, त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि डायलिसिसच्या पेशंटला पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. स्टारफ्रूट तर एक फोडसुद्धा नको, आपल्यासारख्यांना त्याने फिट येऊन जीव गेलेला आहे. खाण्यापिण्याचं आणि औषधाचं जे काही ग्रुपवर वाचशील ते आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

आता भावाचं. कायद्याने जवळच्या नात्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं येतात, म्हणजे तो बसतो. पण तू त्याला विचारू नयेस हे तुझं बरोबर आहे असं मला वाटतं. हॉस्पिटलात ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर असतात, त्यांना सांग की माझ्या भावाला माहिती द्या, फक्त माहिती, मी समोर नसताना. दात्याशी स्वतंत्र बोलणं होतंच, त्याच्यावर दबाव आहे का हे बघतात. त्याला बाळ आहे, त्याला नाही म्हणायचा हक्क आहे, आणि तुला मनात वाटायचा हक्क आहे. मिस्टरांचा बी आणि तुझा ए, म्हणजे स्वॅपला तुमची जोडी चांगली आहे, समोर बी पेशंट आणि ए दाता अशी जोडी मिळाली की झालं. तेही २०११ च्या दुरुस्तीनेच कायदेशीर झालंय. आणि स्वॅपच्या भरवशावर थांबू नकोस, मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षा यादीतही नाव घाल, दोन्हीकडे एकाच वेळी असता येतं.

---

पोळाफोंड

मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका ताई. भीती वाटते, रडू येतं हे मैत्रिणींना सांगणं वेगळं आणि भाऊ-वहिनीबद्दल लिहिणं वेगळं. ती माणसं तिथे नाहीयेत, त्यांची बाजू कुणाला माहीत नाही. आणि लिहिलेलं राहतं. उद्या त्यातला एक स्क्रीनशॉट फिरत फिरत वहिनीकडे गेला तर तुमचं नातं तुटेल आणि मग भावाला मनापासून द्यायची असली तरी तो दाराबाहेर उभा राहील. माझ्या माहेरी वडिलांच्या आजारपणात असंच एका मेसेजवरून झालं, अजून जाणं येणं नाही. बोला, पण असलं बोलायचं तर फोनवर बोला, लिहू नका. सासूबाईंना सुद्धा तेच म्हणायचं असेल कदाचित, त्यांना नीट सांगता आलं नसेल.

---

रानजाई

सांजवेळ, मी बडोद्याची, मराठीच. ब्रेस्ट कॅन्सर, स्टेज ४, हाडांत गेलेला आहे. आम्हा काही जणींचा असा छोटा ग्रुप आहे, सगळ्या स्टेज ४ च्या, त्यामुळे तू जे विचारतेयस त्यातलं प्रत्येक मी जगतेय.

अवलंबून राहणं बरोबर का म्हणतेस. मी याबद्दल पुष्कळ वाचलंय कारण मलाही हाच प्रश्न पडला होता. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगलनी १९८९ मधे लॅन्सेटमधे एक अभ्यास छापला, पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ८६ बायकांचा. ज्या दर आठवड्याला एकत्र बसून मरणाबद्दल, घरच्यांबद्दल उघड बोलायच्या त्या जवळपास दुप्पट काळ जगल्या असं त्यात आलं, आणि जगभर खळबळ झाली. मग २००१ मधे कॅनडात गुडविन बाईंनी २३५ जणींवर तसंच करून पाहिलं तर आयुष्य काही वाढलं नाही. पण मन हलकं झालं, आणि दुखणं कमी जाणवलं, विशेषतः ज्या आधी जास्त खचलेल्या होत्या त्यांना. त्या बायका समोरासमोर बसायच्या, सोबत तज्ज्ञ असायचे, त्यामुळे आपल्या व्हॉट्सॲपला ते जसंच्या तसं लागू करू नये. पण मला त्यातून माझं उत्तर मिळालं. मैत्रिणींमुळे मी जास्त जगेन म्हणून मी त्यांच्याशी बोलत नाही, आहे तो मंगळवार नीट जावा म्हणून बोलते. आणि तेवढं त्यांच्याकडून होतं, दर वेळी होतं.

घरच्यांना का सांगता येत नाही याचं मला वाटतं ते सांगते. घरचा माणूस तुझ्या जाण्याने स्वतः मोडणार असतो. त्याला तू भीती सांगितलीस की त्याची भीती जागी होते आणि मग तू त्याला धरून बसतेस. माझी नागपूरची मैत्रीण मी गेले तर रडेल, पण तिच्या घरातली खुर्ची रिकामी होणार नाहीये. म्हणून ती ऐकू शकते. यात नवऱ्यावर प्रेम कमी आहे असं कुठे येतं?

आता लातूरच्या मैत्रिणीचं. आमच्या ग्रुपमधल्या काहीजणी गेल्या. पहिली गेली तेव्हा आम्हाला महिनाभर कळलंच नाही, आम्ही रोज गुड मॉर्निंग टाकत होतो तिला. शेवटी तिच्या वाढदिवसाला फेसबुकवर तिच्या भाच्याने लिहिलं तेव्हा कळलं. तो महिना मी विसरू शकत नाही. त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं, आणि तुम्हीही करा, आजच करा. प्रत्येकीने घरातल्या एका माणसाचा नंबर बाकीच्यांना द्यायचा. आणि घरातल्या त्या माणसाला आपल्या मैत्रिणींची नावं आणि नंबर कागदावर लिहून द्यायचे, फोनमधे नको, फोनचं लॉक त्यांना उघडता येईलच असं नाही. माझा कागद मेडिकल फाइलच्या पहिल्या कप्प्यात आहे, आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर, कारण ती फाइल कुणीतरी उघडणारच. त्यावर लिहिलंय की मी ॲडमिट झाले तर यांना एक मेसेज करा, आणि वाईट काही झालं तर फोन करा, मेसेज नको. फेसबुकवर लेगसी कॉन्टॅक्ट म्हणून एक सोय आहे, आपल्यामागे आपलं पान कोण बघणार ते आधीच ठरवून ठेवता येतं, ते पण मी मुलाच्या नावाने केलंय.

मुलाला हे सांगताना तो आधी नको म्हणाला. मग स्वतःच विचारायला लागला की ही कोण, ती कोण, कुणाला काय झालंय. आता तो मला येता जाता विचारतो की नागपूरच्या मावशीचा स्कॅन कसा आला.

आणि एक. मैत्रीण गायब झाली की जो घोर लागतो तो एकटीने काढू नकोस. झोप येत नाही म्हणतेस ना, तुझ्या डायलिसिसच्या डॉक्टरांना ते सांग, झोप आणि मन हेही त्यांना सांगायचं असतं. रात्री अगदीच सहन होईना तर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी दोनदा लावलाय. उपदेश केला नाही, ऐकून घेतलं.

पोळाफोंड, तुमचं स्क्रीनशॉटचं पटलं. आमच्याकडे घरच्यांबद्दलचं सगळं फोनवरच बोलतात.

---

सांजवेळ

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी कालपासून दोनदा तीनदा वाचलं, आज शनिवार होता तर मशीनवर बसून मिस्टरांना पण वाचायला दिलं, त्यांनी बाहेर जाऊन वाचलं आणि निनाद दादांचं परत एकदा आत येऊन वाचलं.

सोलापूरच्या दादांनी सांगितलं तसं लातूरच्या सेंटरला सकाळी फोन केला. सिस्टर चांगल्या होत्या, बाकी काही बोलल्या नाहीत, नंबर तेवढा लिहून घेतला. दुपारी तिच्या मुलाचा फोन आला. ती ॲडमिट आहे, फिस्टुला बंद पडला म्हणून कॅथेटर टाकला होता त्याचं इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला आणि शुद्ध नव्हती. आता वॉर्डात आणलंय पण बोलायला त्रास होतोय. मुलगा म्हणाला आई शुद्धीवर आल्यावर आधी वार विचारत होती, आज मंगळवार आहे का, मैत्रिणींना सांगायचं राहिलं. मी आणि मडगावची, दोघी खूप रडलो फोनवर. त्याला सांगितलंय रोज नको, दोन दिवसांतून एकदा कळव, त्याला पण हॉस्पिटल आणि घर दोन्ही बघायचंय.

मिस्टरांना भावाचं सगळं सांगितलं. ते बसले. काही बोलले नाहीत पण बसले. नंतर म्हणाले मला वाटत होतं तू माझ्यावर नाराज आहेस माझा ग्रुप जुळत नाही म्हणून. मला हे कधी डोक्यातही आलं नव्हतं हो, आणि ते इतके महिने हे घेऊन फिरत होते. मडगावच्या ताईंशी पण बोलले, त्या दोघांचं अर्धा वेळ इडलीचं पीठ आणि पोटॅशियम यावरच चाललं होतं.

पोळाफोंड ताई, राग नाही आला. भावाबद्दलचे ते मेसेज मी दोघींना सांगून काढून टाकले. कोऑर्डिनेटर मॅडमना सोमवारी भेटणार आहे, भावाला माहिती द्या एवढंच सांगणार आहे, पुढे जे होईल ते होईल.

रानजाई ताई, कागद लिहिला. सासूबाईंकडे दिलाय, कारण घरातल्या सगळ्या फाइली त्यांच्याच कपाटात असतात. त्यांनी वाचला, घडी घातली आणि ठेवला, मला काही म्हणाल्या नाहीत. तुमच्याशी बोलायला आवडेल, चालत असेल तर खासगी मेसेज करते.

आबा, स्वॅपसाठी मिस्टरांच्या कोणकोणत्या तपासण्या होतात ते लिहाल का, आधीच एकदा रजेचं बघावं लागेल त्यांना.

---

कुलकर्णी आबा

लिहितो. आधी रक्तगट पुन्हा एकदा करतात, मग बीपी, शुगर, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, पोटाची सोनोग्राफी, आणि कावीळ बी, सी, एचआयव्ही. यात काही अडलं नाही तर एचएलए टायपिंग (दाता आणि पेशंटच्या पेशी किती जुळतात ते), छाती आणि हृदयाची तपासणी, प्रत्येक किडनी किती काम करते ते बघायला डीटीपीए स्कॅन, आणि रक्तवाहिन्यांसाठी सीटी अँजिओग्राफी. क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींना विरोध करतं का ते बघणं, मात्र समोरची जोडी मिळाल्यावर. पहिल्या टप्प्याला एक दिवस पुरतो, उपाशीपोटी जायचं. पुढच्यासाठी अजून दोन-तीन फेऱ्या धरा, सलग रजा काढायची गरज नाही. लग्नाचा दाखला, दोघांची आधार कार्डं आणि मुलीचा जन्मदाखला आत्ताच काढून ठेवा, नातं सिद्ध करायला लागतात आणि त्यातच लोकांचे महिने जातात. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर सोमवारीच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत चौकशी करा.

लातूरच्या मुलीला माझा आशीर्वाद सांग.